विंडहुकला निघालात? पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची लातूरची. नवऱ्याच्या नोकरीमुळे सहा वर्षं नामिबियाच्या राजधानीत राहिले. परत येऊनही मन त्या शहरात घुटमळतं. ओळखीतलं किंवा ओळखीच्या ओळखीतलं कुणी तिकडे निघालं की माझा फोन वाजतो, आणि दर वेळी साधारण तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. भाडी आणि शुल्कं सारखी बदलतात, म्हणून त्यांचे आकडे दिलेले नाहीत. एका उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आम्हाला वाळवंट आणि एतोशाचं राष्ट्रीय उद्यान पाहायचं आहे. विंडहुकला एक रात्र पुरे ना?

पुरे नाही. बहुतेक लोक विमानातून उतरतात, गाडी ताब्यात घेतात, सामान भरतात आणि पहाटे निघून जातात. मग "विंडहुकमध्ये पाहण्यासारखं काही नाही" असं सांगत फिरतात. निदान दोन पूर्ण दिवस द्या, आणि त्यातला एकही रविवार नको (प्रश्न १४ पाहा). ज्या देशाच्या वाळूचे फोटो काढायला आपण जातो, त्या देशाची माणसं याच शहरात भेटतात.

शहर देशाच्या मधोमध, डोंगरांनी वेढलेल्या पठारावर आहे. उंची साधारण १,६५० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याइतकी. त्यामुळे पहिल्या दिवशी चढावर थोडी धाप लागली तर घाबरू नका. घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं.

२. मुंबईहून थेट विमान आहे का?

नाही. कुठेतरी बदलावंच लागतं. सर्वात सरळ मार्ग अदिस अबाबावरून. दुसरा जोहान्सबर्गवरून, पण त्यात तिकिटं तोडून काढली तर अडचण होते (प्रश्न १९ पाहा). फ्रँकफर्टवरूनही विमान येतं. युरोपात राहणाऱ्या मुलांना भेटून पुढे निघालेल्या आईवडिलांना तोच मार्ग सोयीचा पडतो.

३. व्हिसाचं काय? कुणी म्हणतं लागतो, कुणी म्हणतं तिथेच मिळतो.

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो, एवढं पक्कं धरा. तो कुठे आणि कसा काढायचा हे नामिबियाच्या गृह व स्थलांतर खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरच बघा. एप्रिल २०२५ मध्ये तिथे अनेक देशांसाठी नियम बदलले, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या भाच्याचा अनुभव तुमच्या कामाचा नाही. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने चालणारा असावा आणि त्यात कोरी पानं असावीत.

एक गोष्ट मात्र कधीच बदलत नाही. विमानतळावरचा अधिकारी शिक्का मारून त्यावर किती दिवस राहायची मुभा ते लिहितो. काउंटरवरून हलण्याआधी तो आकडा वाचा. तुमचा मुक्काम १८ दिवसांचा आणि शिक्क्यावर १४ असतील, तर तिथल्या तिथे नम्रपणे सांगून दुरुस्त करून घेता येतं. नंतर तेच काम दंडाचं आणि कचेरीच्या चकरांचं होतं.

४. पिवळ्या तापाची लस घ्यावी लागते का? आणि मलेरिया?

नामिबियात पिवळा ताप नाही. भारतातून निघून वाटेतल्या विमानतळावर १२ तासांच्या आत विमान बदललं तर नामिबियाला लसीचं प्रमाणपत्र लागत नाही. पण इथिओपिया, केनिया, अंगोला हे देश पिवळ्या तापाच्या यादीत आहेत. तिथे विमानतळाबाहेर पडून मुक्काम करणार असाल तर लस घ्याच. ती नामिबियात शिरतानाही मागतील आणि भारतात परततानाही, आणि प्रमाणपत्र नसेल तर मुंबईत सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. एकदा घेतली की प्रमाणपत्र जन्मभर चालतं.

विंडहुक उंचावर आणि कोरडं असल्याने शहरात मलेरियाची चिंता नसते. एतोशा, कावांगो, झाम्बेझी या उत्तरेकडच्या भागात पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही महिने ती असते. तिकडे जाणार असाल तर गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी आधी बोला.

५. कोणत्या महिन्यात जावं? आफ्रिका म्हणजे उकाडाच ना?

हा समज घेऊन जून-जुलैत येणारी मंडळी पहिल्याच रात्री कुडकुडतात. मे ते सप्टेंबर तिथला कोरडा हिवाळा. दिवसा स्वच्छ ऊन, पण सूर्य मावळला की पारा झपाट्याने उतरतो आणि पहाटे कधीकधी शून्याजवळ जातो. घरांमध्ये आणि लॉजमध्ये हीटर असेलच असं नाही. स्वेटर, कानटोपी, मोजे घ्या. पाऊस प्रामुख्याने जानेवारी ते मार्च पडतो, तोही दुपारी गडगडाट करून तासाभरात मोकळा होणारा. वर्षभरात जेमतेम साडेतीनशे-पावणेचारशे मिलिमीटर.

हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात, नाकाच्या आत सुकतं, क्वचित रक्तही येतं. व्हॅसलीनची डबी खिशातच ठेवा. ऊन थंडीतही भाजतं, त्यामुळे टोपी हवीच.

६. विमानतळावरून शहरात कसं जायचं? आमचं विमान रात्री उतरतं.

होसेआ कुटाको विमानतळ शहराच्या पूर्वेला सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. मध्ये काहीही नाही, नुसतं माळरान. रेल्वे नाही, बसचाही भरवसा नाही. लॉजला सांगून गाडी आधी ठरवा आणि चालकाचं नाव लिहून घ्या. रात्री उतरत असाल तर स्वतः गाडी चालवायचा मोह टाळा. त्या रस्त्यावर कुडू आणि रानडुकरं आडवी येतात. कुडू हे आपल्या सांबराएवढं जनावर. हेडलाइट पाहून ते पळत नाही, उलट उडी मारतं.

तिकिटावर 'एरोस' असं नाव दिसलं तर तो शहरातलाच छोटा विमानतळ. लहान विमानं तिथून सुटतात.

७. पैसे कोणते न्यावेत? तिथे यूपीआय सुरू झालं म्हणे?

नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड यांचा भाव एकास एक आहे आणि नामिबियात दोन्ही चालतात. सुट्या पैशांत दोन्ही मिसळून मिळतील, गोंधळू नका. उलट मात्र होत नाही. नामिबियन डॉलर दक्षिण आफ्रिकेत कुणी घेत नाही, आणि भारतात तर बदलूनही मिळणार नाहीत. म्हणून शेवटच्या दोन दिवसांत सुटे मागताना रँड मागा आणि नामिबियन नोटा संपवा.

व्हिसा किंवा मास्टरकार्ड जवळपास सगळीकडे चालतं. नुसत्या रुपे कार्डावर विसंबू नका. यूपीआयबद्दल गैरसमज फार आहे. २०२४ मध्ये नामिबियाच्या मध्यवर्ती बँकेने भारताच्या पेमेंट्स कॉर्पोरेशनशी करार केला, तो त्यांच्या देशात यूपीआयसारखी स्वतःची व्यवस्था उभारण्यासाठी. तुमच्या फोनवरचं ॲप उघडून विंडहुकच्या वाण्याकडे स्कॅन करता येईल, असा त्याचा अर्थ नाही. बाजार, टॅक्सी आणि बक्षिशीसाठी थोडी रोकड हवीच. हॉटेलात बिलाच्या दहा टक्के टिप देण्याची रीत आहे.

८. फोन चालेल का? प्लग कोणता लागतो?

एमटीसी ही तिथली मोठी कंपनी. विमानतळावरच पासपोर्ट दाखवून सिम घ्या. शहराबाहेर पन्नास-साठ किलोमीटर गेलात की रेंज मधूनमधून जाते, म्हणून नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. प्लग आपल्याकडे गीझरला असतो तसा, जाड तीन गोल पिनांचा. घरातला सोळा अँपिअरचा जुना प्लग आणि एक एक्स्टेन्शन बोर्ड नेला की सगळ्या कुटुंबाचं चार्जिंग भागतं.

९. नळाचं पाणी सांडपाण्यापासून बनवतात असं वाचलं. खरं आहे का? मग प्यायचं कसं?

खरं आहे, आणि निर्धास्त प्या. हा प्रश्न मला सर्वात जास्त येतो. याचं उत्तर मी सर्वात आवडीने देते.

नामिबियाच्या हद्दीच्या आत बारमाही नदी एकही नाही. ज्या आहेत त्या सगळ्या सीमेवर, विंडहुकपासून शेकडो किलोमीटर दूर. पाऊस कमी, आणि धरणात साठलेल्या पाण्याचं उन्हाने बाष्प होण्याचं प्रमाण प्रचंड. शहर वाढत गेलं, झरे आटले. तेव्हा १९६८ मध्ये इथल्या अभियंत्यांनी गोरेआंगाब इथे सांडपाणी शुद्ध करून थेट पिण्याच्या नळात सोडणारा प्रकल्प सुरू केला. असं करणारं हे जगातलं पहिलं शहर. २००२ मध्ये नवा, मोठा प्रकल्प उभा राहिला. त्याची क्षमता दिवसाला २ कोटी १० लाख लिटर आहे.

घराघरांतलं सांडपाणी कारखान्यांच्या पाण्यापासून सुरुवातीलाच वेगळं ठेवतात. एका केंद्रात त्याची पहिली शुद्धी होते, मग गोरेआंगाबमध्ये गाळ बसवणं, वाळूची गाळणी, ओझोन, कोळशाचे थर, अतिसूक्ष्म पडदे आणि शेवटी क्लोरीन. एका टप्प्यात काही निसटलं तर पुढच्यात पकडलं जावं, अशी सगळी रचना. मग ते धरणाच्या पाण्यात मिसळून नळाला येतं. तुम्ही प्याल त्या पेल्यातला साधारण चौथा हिस्सा, टंचाईच्या काळात त्याहून जास्त, असा परत आलेला असतो.

पहिल्या आठवड्यात मीही बाटल्या आणत होते. आमच्या इमारतीतल्या सफाईच्या मेमेने ('मेमे'बद्दल प्रश्न १५ पाहा) एकदा माझ्या दारातला रिकाम्या बाटल्यांचा ढीग पाहिला. काही न बोलता तिने माझ्या नळाखाली पेला भरला, माझ्यासमोर पिऊन टाकला आणि दुसरा भरून माझ्या हातात दिला. त्याला वास नव्हता, थोडा क्लोरीनचा कोरडेपणा होता इतकंच. २०१६ मध्ये माझ्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या पेल्याची किंमत मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

म्हणून एक मागणं आहे. अंघोळ बादलीने नाही जमली तरी शॉवर आटोपशीर घ्या. दुष्काळाच्या वर्षांत शहर पाणीवापरावर कडक मर्यादा घालतं. त्या मर्यादा पाहुण्यांनाही लागू असतात. शहराबाहेर शेतावर किंवा कॅम्पवर मात्र पाणी बहुधा बोअरचं असतं, तिथे विचारूनच प्या.

१०. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

नाही, पण बोलावं लागेल. नामिबिया मांसाहारी देश आहे. "मीट नको" म्हटलं तर चिकन आणून देणारे पुष्कळ भेटतात, कारण तिकडे मीट म्हणजे गोमांस किंवा हरणाचं मांस. "नो मीट, नो चिकन, नो फिश" असं पूर्ण सांगा, आणि अंडं चालत नसेल तर तेही. दुकानात काउंटरवर वाळलेल्या काड्यांसारखा दिसणारा खाऊ असतो, त्याला बिलटाँग म्हणतात. ते सुकवलेलं मांस आहे. लहान मुलं चिप्स समजून हात घालतात.

शहरात भारतीय जेवणाची हॉटेलं आहेत आणि मोठ्या मॉलमधल्या सुपरमार्केटात डाळी, तांदूळ, मसाले मिळतात. स्वयंपाकघर असलेला मुक्काम घेतलात तर प्रश्नच मिटतो.

आणि एक गोष्ट मराठी माणसाने चुकवू नये. उत्तर नामिबियाचं मुख्य धान्य 'महांगू' म्हणजे आपली बाजरी. त्याच्या पिठाची घट्ट उकड करतात, तिला ओशिफिमा म्हणतात, आणि ती हाताने तोडून रानभाजीबरोबर खातात. त्या भाजीचं नाव ओम्बिडी. बाजरी आंबवून केलेलं ओशिकुंडू हे पेय आंबिलीच्या जवळचं लागतं. महांगूचं पीठ सुपरमार्केटात पाकिटात मिळतं. मी त्याच्या भाकरी थापत असे. पीठ आपल्यापेक्षा बारीक असतं, म्हणून पाणी कडकडीत घ्यावं लागतं, नाहीतर कडा फाटतात.

११. शहरात फिरायचं कसं? रिक्षा, बस?

रिक्षा नाही. नगरपालिकेच्या बस कामगारांच्या वेळेनुसार सकाळ-संध्याकाळ धावतात, पर्यटकाला त्यांचा उपयोग नाही. रस्त्यावर जी टॅक्सी हॉर्न देत जाते ती शेअर टॅक्सी. साधी मोटार, दारावर मोठा नंबर, आत आधीच दोघं-तिघं बसलेले. भाडं ठरलेलं असतं, आडवाटेला जायचं असेल तर दुप्पट होतं. दिवसा, सामान नसताना ती घ्यायला हरकत नाही. रात्री घेऊ नका. तेव्हा लेफा या तिथल्याच ॲपवरून गाडी बोलवा, किंवा लॉजवाल्यांना सांगा. आपल्याकडची ॲप तिथे कामाला येत नाहीत.

१२. सुरक्षित आहे का? मी एकटी जाणार आहे.

दिवसा, गजबजलेल्या भागात, हो. मी सहा वर्षं एकटी बाजारहाट केला. पण काही पथ्यं पाळली. अंधार पडल्यावर दोनशे मीटरही चालायचं नाही, गाडीच करायची. संध्याकाळी सहानंतर आणि रविवारी मध्यवर्ती भाग रिकामा होतो, आणि रिकामा रस्ता हाच तिथला खरा धोका. फोन हातात धरून रस्त्यावर थांबायचं नाही. डोंगरातल्या पायवाटा आणि कोरडी नदीपात्रं सुंदर दिसतात, पण तिथे एकट्याने जायचं नाही.

आमची बॅग गेली ती भर दुपारी, एका मॉलच्या पार्किंगमध्ये. रिमोटचं बटण दाबलं, दिवे लागले की नाही ते पाहिलं नाही आणि वळून गेलो. रिमोटचा सिग्नल अडवणारं यंत्र घेऊन कुणीतरी जवळच उभं होतं. गाडी कधी बंद झालीच नव्हती. तेव्हापासून दाराची कडी ओढून पाहिल्याशिवाय मी गाडीपासून हलत नाही. गाडीत काहीही दिसेल असं ठेवू नका, रिकामी पिशवीसुद्धा. चकाकत्या जाकिटातला राखणदार असतो, त्याला परतताना चार-पाच नामिबियन डॉलर द्या. पोलिसांचा नंबर १०१११.

१३. एका दिवसात पायी काय काय पाहता येईल?

सकाळी इंडिपेंडन्स अव्हेन्यूवरून सुरुवात करा. पोस्ट स्ट्रीट मॉल या पादचारी रस्त्यावर लोखंडी खांबांवर काळपट दगड बसवलेले दिसतील. ते गिबेऑनच्या उल्का आहेत, दक्षिण नामिबियात सापडलेल्या. हात लावता येतो. उन्हात त्या तव्यासारख्या तापतात, म्हणून सकाळीच लावा. पुढे झू पार्क लागतं. त्यात प्राणी नाहीत, पण सुमारे ५,००० वर्षांपूर्वी माणसांनी हत्ती मारल्याच्या खुणा तिथे सापडल्या, त्याचा स्तंभ आहे.

मग फिडेल कास्ट्रो स्ट्रीटने चढ चढा. माथ्यावर ख्रिस्टुसकिर्शे हे जर्मन राजवटीत, १९१० मध्ये पूर्ण झालेलं चर्च, वाळूच्या दगडाचं. आत भिंतीवर युद्धात पडलेल्या जर्मन सैनिकांची नावं कोरली आहेत. १९०४ ते १९०८ या काळात जर्मनांनी केलेल्या संहारात गेलेल्या हेरेरो आणि नामा लोकांची नावं तिथे नाहीत. ही आठवण मनात ठेवून रस्ता ओलांडा. समोर १८९० चा जुना किल्ला, आल्टे फेस्टे, आणि त्याच्यापुढे त्या संहाराचं स्मारक. शेजारी २०१४ मध्ये उघडलेलं स्वातंत्र्य संग्रहालय. त्या जागी पूर्वी जर्मन घोडेस्वाराचा पुतळा होता. आता तिथे हातात राज्यघटना धरलेले देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सॅम नुयोमा उभे आहेत. शहराचा संस्थापक म्हणून मिरवला गेलेला जर्मन अधिकारी कुर्ट फॉन फ्रांस्वा याचा पुतळाही २०२२ मध्ये काढला. इथले लोक त्याच्या कितीतरी आधीपासून या जागेला 'आय-गाम्स' म्हणत होते, म्हणजे गरम पाण्याचे झरे.

संग्रहालयाच्या काचेच्या लिफ्टने वर जा. तिथून शहराचा आकार कळतो. पूर्वेला बागा असलेली घरं, आणि वायव्येला डोंगरावर चढत गेलेले पत्रे. ते पाहिल्यावर प्रश्न १६ आपोआप पडतो.

भारताशी असलेला एक धागाही इथे आठवावा. दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातून सुटण्यासाठी लढणाऱ्या, नुयोमांच्या स्वापो संघटनेला दूतावास उघडू देणारा पहिला देश भारत, साल १९८६. स्वातंत्र्याआधीच्या संक्रमणकाळात संयुक्त राष्ट्रांच्या सेनेचं नेतृत्व जनरल प्रेमचंद यांच्याकडे होतं. जुन्या पिढीतली माणसं ही गोष्ट अजून काढतात.

१४. रविवारी काय करायचं?

शनिवारी दुपारी एकनंतरच बरीचशी दुकानं बंद होतात. रविवारी मॉल सोडले तर शहर झोपलेलं असतं, दुकानात बिअर-वाइनही विकत नाहीत. रविवार प्रवासाला किंवा शहराजवळच्या डान फिल्यून अभयारण्याला ठेवा. २१ मार्च, २८ मे, २६ ऑगस्ट आणि १० डिसेंबर हे सुट्टीचे दिवसही पाहून ठेवा.

१५. भाषेची अडचण येईल का?

१९९० पासून राजभाषा इंग्रजी आहे, सगळीकडे चालते. घराघरांत ओशिवाम्बो, हेरेरो, दामारा-नामा, आफ्रिकान्स, जर्मन. अडचण भाषेची नाही, घाईची येते. दुकानात शिरून थेट "अमुक आहे का?" असं विचारणं तिथे उद्धटपणाचं. आधी "गुड मॉर्निंग, कसे आहात?", त्यांचं उत्तर, त्यांनी तुम्हाला विचारलेलं, मग काम. वयाने मोठ्या बाईला 'मेमे', पुरुषाला 'ताते' म्हणा. आपण अनोळखी बाईला मावशी म्हणतो तसंच. आभाराला 'तांगी'. आणि कुणी "जस्ट नाउ" म्हणालं तर ते आत्ता नव्हे, थोड्या वेळाने.

फोटो विचारूनच काढा. हेरेरो बायका गाईच्या शिंगांसारखी दोन टोकं असलेलं शिरोवस्त्र बांधतात. ते पाहून कॅमेरा लगेच वर जातो, पण ती बाई कुणाची तरी आजी असते. राष्ट्रपती निवास आणि लष्करी जागांचे फोटो अजिबात नकोत.

१६. कटुटुराला जावं का? हॉटेलवाले नको म्हणतात.

जावं, दिवसा आणि तिथल्याच वाटाड्याबरोबर. कटुटुरा या हेरेरो नावाचा अर्थ 'जिथे आम्हाला राहायचं नाही ती जागा'. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी राजवटीने 'ओल्ड लोकेशन' या जुन्या वस्तीतून काळ्या लोकांना शहरापासून दूर इथे हलवायचं ठरवलं. लोकांनी विरोध केला. १० डिसेंबर १९५९ ला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात निदान ११ जण गेले. वस्ती रिकामी करून घेतलीच. नव्या घरांच्या दारांवर जमातीप्रमाणे अक्षरं रंगवली, ओवाम्बोंना एक, दामारांना दुसरं, म्हणजे शेजारीही सरकारनेच ठरवायचे.

आज शहराचा मोठा भाग इथे राहतो. ओशेटू बाजारात जा. 'ओशेटू' म्हणजे 'आपलं'. निखाऱ्यांवर कपाना भाजत असतात, म्हणजे गोमांसाच्या पट्ट्या, तिखट-मिठात बुडवून खायच्या. ज्यांना ते चालत नाही त्यांनी बाजूच्या मेमेकडून तळलेले गोल फॅट केक घ्यावेत, टोमॅटो-कांद्याच्या कोशिंबिरीबरोबर. पलीकडे बाजरी, चवळीसारखी कडधान्यं, वाळवून वड्यांसारखी थापलेली रानभाजी आणि मोपाने झाडावरच्या अळ्यांचे ढीग. नाक मुरडू नका, तो कुणाच्या तरी घरचा सणाचा पदार्थ आहे.

१७. गाडी स्वतः चालवता येईल का? आपलं लायसन्स चालतं?

वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. लायसन्सवर इंग्रजी असतंच, पण सोबत आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. गाडी देणारे मागतात. आपल्या हायवेवरचा सराव असलेल्यांनाही खडीच्या रस्त्याचा अंदाज नसतो. वेग ८० च्या खाली, टायरमधली हवा किती ठेवायची ते गाडी घेताना विचारून, आणि वळणावर ब्रेक दाबायचा नाही. तिथले बहुतेक अपघात दुसऱ्या गाडीवर आदळून नव्हे, स्वतःच उलटून होतात. सूर्यास्तापूर्वी मुक्काम गाठा, कारण प्रश्न ६ मधलं कुडू सगळीकडे आहे.

अंतरं मोठी आहेत. समुद्रकाठचं स्वाकोपमुंड सुमारे ३६० किलोमीटर, एतोशाचं दक्षिण दार सुमारे ४३०. पेट्रोल पंप दिसला की भरून घ्या, अर्धी टाकी असली तरी.

१८. खरेदी काय करावी? हिरे स्वस्त मिळतात म्हणे?

रस्त्यात कुणी कच्चा, पैलू न पाडलेला हिरा दाखवला तर तिथून निघून जा. नामिबियात परवान्याशिवाय कच्चा हिरा बाळगणं गुन्हा आहे, तुरुंग होतो. पैलू पाडलेला हवा तर परवानाधारक दुकानातून, बिल आणि प्रमाणपत्रासह.

इंडिपेंडन्स अव्हेन्यूवर एखादा मुलगा हसत जवळ येऊन नाव विचारेल. बोलता बोलता तो हातातल्या मकलानी फळाच्या कठीण कवचावर हत्ती आणि तुमचं नाव कोरतो, मग पैसे मागतो. नाव कोरल्यावर ते दुसऱ्या कुणाला विकता येत नाही, त्यामुळे नाही म्हणणं जड जातं. हवं असेल तर आधी किंमत ठरवा, नको असेल तर नाव सांगू नका. कारागिरी मात्र खरी असते.

ताल स्ट्रीटवरचं क्राफ्ट सेंटर आणि गोरेआंगाब धरणाकाठचं बायकांचं 'पेंडुका' केंद्र या माझ्या आवडत्या जागा. पेंडुका म्हणजे 'जागी हो'. तिथलं भरतकाम पाहताना आपल्या गोधड्या आठवतात.

१९. जोहान्सबर्गवरून वेगवेगळी तिकिटं स्वस्त पडतात. घेऊ का?

एकाच तिकिटावर, सामान थेट विंडहुकपर्यंत लावलेलं असेल तर जोहान्सबर्गच्या विमानतळात आतल्या आत विमान बदलता येतं. तिकिटं वेगळी असतील आणि बॅग घ्यायला बाहेर यावं लागलं, तर तुम्ही दक्षिण आफ्रिकेत शिरलात, आणि त्यासाठी त्यांचा व्हिसा हवा. तो नसेल तर मुंबईतच विमानात बसू देणार नाहीत. व्हिक्टोरिया धबधबा किंवा बोट्स्वाना पाहून परत विंडहुकला येणार असाल तर नामिबियाचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा आहे का, तेही तपासा.

२०. मुलगा आईबरोबर एकटाच येतोय, वडील नाहीत. काही कागद लागतात का?

हो. अठरा वर्षांखालच्या मुलाचा आईवडिलांची नावं असलेला इंग्रजी जन्मदाखला, आणि न येणाऱ्या पालकाचं संमतीचं प्रतिज्ञापत्र त्याच्या पासपोर्टच्या प्रतीसह. आजी-आजोबांबरोबर नातू येत असेल तर दोन्ही पालकांची संमती. पालक हयात नसेल किंवा ताबा कोर्टाने दिला असेल तर तो कागद. जन्मदाखला मराठीत असेल तर नगरपालिकेतून इंग्रजी प्रत महिनाभर आधी काढा.

२१. तिथे आजारी पडलो किंवा पासपोर्ट हरवला तर?

विंडहुकमधली खासगी रुग्णालयं चांगली आहेत, पण दाखल करून घेण्याआधी विम्याची हमी किंवा मोठी अनामत मागतात. आमच्याकडे आलेल्या एका काकांना पोटदुखीसाठी न्यावं लागलं, तेव्हा विम्याचा कागद त्यांच्या ईमेलमध्ये होता आणि फोन बंद पडलेला. दोन तास तसेच गेले. पॉलिसीची छापील प्रत आणि विमा कंपनीचा परदेशातून लागणारा नंबर पाकिटात ठेवा. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मूळ वेष्टनात.

पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, तिची प्रत घेऊन भारतीय उच्चायुक्तालय. ते विंडहुकमध्येच आहे. एवढ्यासाठी पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या दोन छापील प्रती काढा. एक सामानात ठेवा आणि दुसरी बरोबरच्या माणसाकडे द्या.